करवंटीचे पडदे

इनास फर्नांडिसच्या गिटारीला दिवसातून दोनदा भरती येत असे.

आंबेखोलच्या खाडीला ज्या वेळी भरती लागे, त्याच वेळी ती गिटारीलाही लागे. आधी पोटावरच्या गोल भोकातून पाणी चुबकल्याचा आवाज येई. मग पाणी तारांखालून मानेवर चढत जाई आणि भर भरतीला वाजवणाऱ्याची बोटं ओली होत. ती जिभेला लावली तर खारट लागत. ओहोटीला, म्हणजे आंबेखोलच्या भाषेत सुकतीला, पाणी आलं तसं निघून जाई आणि मानेवर थोडी रेती राही. इनासची बायको रेजिना केर काढताना ती फडक्याने पुसून घेई. एकदा तिला मानेवरच्या तिसऱ्या आणि चौथ्या पडद्याच्या मधे एक कुर्ली सापडली. अगदीच लहान खेकडी होती, म्हणून तिने ती खाडीत नेऊन सोडली.

गावाला याचं फारसं नवल वाटलं नाही, कारण लाकूड कुठलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. होडीचं लाकूड भरती विसरत नाही, असं जुनी माणसं म्हणत. जुनी माणसं तशी पुष्कळ काही म्हणतात, पण या बाबतीत त्यांचं बरोबर निघालं.

होडी इनासच्या वडिलांची, सांतान फर्नांडिस यांची. आंबेखोल आणि समोरचं पलतड यांच्यामधे त्यांनी जन्मभर तर, म्हणजे उतारू नेणारी होडी, चालवली. वऱ्हाडं नेली, आजारी नेले, बकऱ्या नेल्या, एकदा एक शिवणयंत्र आणि त्याच्याबरोबर रडणारी नवरीही नेली. निघण्याआधी ते मागे उभे राहून मोठ्याने विचारत, "कोण रवलां काय रे?" आणि कोणी राहिलं असेल तर ते धावत येई. मग वरच्या अंगाला पूल झाला. पुलावरून पलतडला जायला दोन बस बदलाव्या लागत, तरी लोक बसने जाऊ लागले, कारण बसला छप्पर होतं. होडी अंगणात उपडी पडली. सांतान रोज सकाळी तिच्यावरची झावळं नीट करत आणि तिथेच बसून पागाचं जाळं विणत.

इनास सुतार. दारं, खिडक्या, देवळाची आणि चर्चची बाकं, जे येईल ते करायचा. चर्चमधल्या गायनमंडळाची मोडकी गिटार त्याने एकदा दुरुस्त करून दिली आणि तेव्हापासून त्याला गिटारीने झपाटलं. अंगणातल्या होडीला डाव्या अंगाने वाळवी लागली होती. उजव्या अंगाच्या फळ्या अजून खणखणीत होत्या, पण वाळवी काही अलीकडचं-पलीकडचं बघत नाही. एका रविवारी पपा मिसाला गेले असताना त्याने करवत काढली आणि चांगल्या फळ्या कापून घेतल्या. त्याचा हेतू वाईट नव्हता. फळ्या वाचवायच्या आणि पपांना काहीतरी सुरेख करून दाखवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. विचारायचं मात्र राहून गेलं.

पपा परत आले. त्यांनी अंगणात पाहिलं, पाय धुतले, पानावर बसले आणि त्या दिवसापासून मुलाशी बोलले नाहीत. इतरांशी ते पूर्वीसारखे बोलत. इनास समोर आला की मिठाची गुळणी. अगदीच नड असली तर निरोप मधल्या माणसाकडून जाई.

"रेजिना, गिटारवाल्याक सांग, भात निवता."

रेजिना घरात नसली तर ते अंगणातल्या लाल कोंबडीला सांगत. कोंबडी निरोप पोचवत नसे, पण इनास दोन हातांवरच बसलेला असल्यामुळे त्याला ऐकू येई. "पपा, मी हंयच असंय," असं तो सुरुवातीला म्हणायचा. नंतर म्हणेनासा झाला. त्याला रात्री झोप लागत नसे असं नाही, पण सकाळी उठलं की आधी तेच आठवे.

गिटार तयार झाली तेव्हा दिसायला उत्तम होती. गायनमंडळाच्या गिटारीवर कागदाची पट्टी धरून इनासने पडद्यांच्या जागा उतरवून घेतल्या होत्या. पडदे म्हणजे मानेवरच्या त्या आडव्या पट्ट्या, ज्यांच्यामागे बोट दाबलं की सूर ठरतो. इनासने मानेत करवतीने बारीक खाचा पाडल्या, पितळेची तार ठोकून बसवली आणि वरून सरस ओतला. सुकतीला गिटार गोड वाजली. भरती लागली तसे सूर पाण्याबरोबर मानेवर चढू लागले आणि पडदे आपले जागच्या जागी राहिले. जिथे पडदा होता तिथे सूर नव्हता, आणि जिथे सूर होता तिथे दाबायला काही नव्हतं. चर्चच्या फेस्ताला, वर्षाच्या सणाला, त्याने वाजवायला घेतलं ते नेमकं भरतीच्या तोंडावर. लोकांनी सभ्यपणे ऐकून घेतलं आणि लवकर जेवायला उठले.

याच सुमाराला बंदर कचेरीचे निरीक्षक वायंगणकर चौकशीला आले. उंच, सावकाश बोलणारा माणूस, पावसाळा नसताना छत्री घेऊन फिरणारा. त्यांनी ओटीवर बसून पाणी घेतलं आणि गिटारीकडे पाहिलं.

"हिला भरती येते असं कळलं."

"येता," इनास म्हणाला.

"कितपत?"

"साध्या दिवसांक सातव्या पडद्यापर्यंत. उधाणाक पार वर."

"मग हे जलयान आहे," वायंगणकर शांतपणे म्हणाले. "जे भरतीबरोबर वर येतं आणि ओहोटीबरोबर खाली जातं, ते जलयान. आमच्याकडे वाद्य असा वेगळा वर्ग नाही. मासेमारी की प्रवासी?"

रेजिना दारात उभी होती. ती म्हणाली, "एकदा कुर्ली गावली होती."

"जाळ्यात धरली?"

"नाय. आपणच इली."

"आपण होऊन आली, म्हणजे प्रवासी," वायंगणकर म्हणाले. "उतरवली कुठे?"

"खाडयेत."

"सुखरूप?"

"चलान गेली."

वायंगणकरांनी मान डोलावली. पूर्वीच्या सेवेबद्दल त्यांचं समाधान झाल्यासारखं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "नाव?"

"गिटार."

"तो प्रकार झाला. नाव हवं. जुन्या होडीचं काय होतं?"

जुन्या होडीचं नाव कार्मेलीन. इनासच्या आईचंच नाव, ती गेली त्या वर्षी पपांनी स्वतः रंगवलेलं. इनासने ओटीच्या टोकाला पाग विणत बसलेल्या पपांकडे पाहिलं. ते नाव तोंडातून काढायचा आपल्याला आता हक्क नाही, असं त्याला वाटलं. तो गिटारीच्या मानेवरची रेती बोटाने पुसू लागला.

"नाव नंतर सांगा," वायंगणकर म्हणाले. "पण एक अडचण आहे. ही भरतीला बेसूर होते अशी तक्रार आहे. प्रवासी जलयान भरतीला आणि ओहोटीला सारखंच चाललं पाहिजे, नाहीतर जिवाला धोका. पुनवेच्या उधाणाला मी तपासणीला येईन. पास झाली तर उत्तम. नाही झाली तर मोडीत काढावी लागेल."

"मोडीत म्हंजे?"

"फोडून लाकूड जमा करायचं. मला वाईट वाटेल," वायंगणकर म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

पपांचे हात पागावर थांबले.

"रेजिना," ते वर न बघता म्हणाले, "गिटारवाल्याक सांग, होडी एकदाच फोडतत. दोनदा नाय."

रेजिनाने निरोप सांगितला नाही. गरज नव्हती.

त्यानंतर इनासने दारं-खिडक्या बाजूला ठेवल्या. पहिल्यांदा त्याने पितळेचे पडदे तसेच ठेवून मधेमधे आणखी पडदे ठोकले, एक संच सुकतीचा, एक भरतीचा. मान शिडीसारखी दिसू लागली आणि भरती अर्धी चढलेली असताना दोन्ही संच चुकीचे ठरू लागले. मग त्याने सगळं पितळ उपटून काढलं आणि मोडक्या छत्र्यांच्या काड्या लावून पाहिल्या. आंबेखोलमधे मोडक्या छत्र्यांना तोटा नाही. काड्या खाऱ्या पाण्याने गंजल्या. मग सुरमईचे काटे घासून लावले. सूर मऊ आला, जरा ओलसर, कुणीतरी बंद दाराआडून गात असल्यासारखा. पण शेजारच्या मांजराने तिसरा आणि पाचवा पडदा खाल्ला आणि त्या पट्टीतली सगळी गाणी बाद झाली.

उपाय शेवटी रेजिनाने सांगितला, तोही भांडी घासता घासता. घंगाळात आमटी वाढायची करवंटीची पळी, डोवली, तरंगत होती. तिने ती हाताने खाली दाबली. डोवली वर आली. तिने पुन्हा दाबली.

"करटी बुडत नाय," ती म्हणाली. "पाण्यावांगडा वर येता."

इनास उठला आणि घरामागच्या परड्यात जाऊन करवंट्यांचा ढीग उपसू लागला. जुन्या, काळ्याभोर, कडक करवंट्या त्याने निवडल्या. बारीक पात्याच्या करवतीने त्यांच्या काड्या पाडल्या, कानशीने गोलाई दिली, खोबरेल लावून चिंधीने घासल्या. मानेतल्या खाचा लाकडाचा भुसा भरून बुजवल्या, कारण हे पडदे मानेत बसणार नव्हते, मानेवर तरंगणार होते. ते वाहून जाऊ नयेत म्हणून मासे धरायच्या दोऱ्याने, तंगुसाने, एकेक पडदा मानेभोवती बांधला. सुताराचा हात तो, गाठी पकडीने ओढून कचकचीत आवळल्या. बोटाने हलवून पाहिलं तर एकही पडदा केसभर सरकेना. इनासला फार दिवसांनी बरं वाटलं.

सुताराला सैल काही सोसत नाही. दार खडखडलं, खुर्ची डुगडुगली, की त्याच्या जिवाला घोर लागतो. लाकडाला लाकूड घट्ट बसलं पाहिजे, हे त्याला लहानपणी कोणी शिकवावं लागत नाही. तरवाल्याचं उलटं असतं. पण इनासने पपांची तर कधी शिकून घेतली नव्हती. होडीवर जायच्या वयात तो रंध्याशी खेळत होता.

तपासणीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या भरतीला, तो ओटीवर गिटार घेऊन बसला. ऊन नारळींतून चाळून येत होतं आणि सगळं गाव जेवून सुस्तावलं होतं. भोकातून पाणी चुबकलं. मानेवर ओल चढू लागली. करवंटीचे पडदे वर उचलले जाऊ लागले आणि तंगुसाला अडले. पाणी चढत राहिलं. तंगूस ताणला, मग करकरू लागला. मान पुढे झुकली आणि तिच्यातून एक लांब कण्हण्याचा आवाज निघाला. इनासने बोटं दाबली तर सूर पूर्वीपेक्षा वाईट. उद्या ही फुटणार, असं त्याच्या मनात आलं, आणि ते त्याने स्वतःला स्पष्ट सांगूनही टाकलं: उद्या ही फुटणार आणि मग पपा कोंबडीकडूनसुद्धा निरोप धाडणार नाहीत.

ओटीच्या टोकाला पाग खाली पडल्याचा आवाज आला.

"रे, ढील दी."

इनासने आजूबाजूला पाहिलं. रेजिना परड्यात होती. कोंबडी कुठेच नव्हती.

"होडी आखूड दोरयेन बांदतत?" पपा उठून जवळ आले होते. त्यांचा आवाज चिडलेला होता. "भरती इली तर होडयेन खंय जावचां? तोंड खाली घालून पानी पितली नाय?"

आखूड बांधलेल्या होडीचं कण्हणं त्यांनी जन्मभर ओळखलं होतं. मध्यरात्री झोपेतून उठून त्यासाठी ते खाडीवर धावत जात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि सांतानचा पीळ गावात प्रसिद्ध होता, पण आखूड बांधलेली होडी समोर कण्हत असताना त्यांना बसून राहणं जमलं नाही.

ते खाली बसले. चाकूने त्यांनी सगळ्या गाठी कापून टाकल्या आणि एकेक पडदा पुन्हा बांधायला घेतला. तंगूस मानेभोवती घेऊन थोडा सोडायचे, पाण्याकडे बघायचे, आणखी थोडा सोडायचे. प्रत्येक पडद्याला त्यांनी वेगळी ढील दिली. खालच्या पडद्यांना जास्त, वरच्यांना कमी. गाठ मात्र अशी, की ओढली तर बसते आणि ढकलली तर सरकते. इनास श्वास धरून बघत होता. आपण एक शब्द जरी बोललो तर पपांच्या लक्षात येईल की ते कोणाशी बोलताहेत, अशी भीती त्याला वाटली, म्हणून तो नुसताच तंगूस तोडून देत राहिला.

शेवटची गाठ झाली. पपा उठले, गुडघे झाडले, पाग उचलला आणि आपल्या जागी जाऊन बसले.

"रेजिना," त्यांनी थोड्या वेळाने परड्याकडे तोंड करून हाक दिली, "गिटारवाल्याक सांग, सुकतीक गाठी ओलये कर."

दुसऱ्या दिवशी पुनव होती. वायंगणकर वेळेआधी आले. जीप त्यांनी फणसाखाली लावली. प्रवासी जलयानाची तपासणी रिकामी करता येत नाही, भार लागतो, असं त्यांनी सांगितल्यावर शेजारच्या जानकी सातार्डेकर पिशवी घेऊन पुढे आल्या. त्यांचा भाऊ पलतडला राहत होता आणि बसने जायचं म्हणजे त्यांना चक्कर येत असे. आणखी चार-सहा माणसं आली. रेजिनाने सगळ्यांना ओटीवर खुर्च्या दिल्या. तिची आमटी चुलीवर होती, म्हणून ती स्वतः बसली नाही.

"नाव राहिलं होतं," वायंगणकर म्हणाले.

इनासने मान खाली घातली. बाहेर खाडी फुगत चालली होती आणि भोकातून पाणी चुबकायला लागलं होतं.

"कार्मेलीन," पपा म्हणाले.

ते रेजिनाला म्हणाले नव्हते, कोंबडीलाही नाही. सरळ वायंगणकरांना म्हणाले होते, आणि म्हणताना उभे राहिले होते. मग आत जाऊन त्यांनी भिंतीवरचं जुनं वल्हं काढलं, बाहेर आणलं आणि इनासच्या मागे येऊन उभे राहिले.

"तांडेल कोण? होडी चालवणार कोण?" वायंगणकरांनी विचारलं.

"मी."

"आणि हा?"

पपांनी क्षणभर विचार केला. "तो वाजयता," ते म्हणाले.

पाणी मानेवर चढलं. करवंटीचे पडदे आपापल्या ढिलीत अलगद वर उचलले गेले, खाडीत नांगरलेल्या होड्या उचलतात तसे, आणि जिथे सूर गेले होते तिथे जाऊन थांबले. इनासने बोट ठेवलं. सूर तिथेच होता. त्याने दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. सूर एकामागून एक पाण्याखालून वर येत होते, खरे आणि थोडे ओले. उन्हात सगळी ओटी हलकी झाल्यासारखी वाटू लागली. जानकीबाईंनी पिशवी छातीशी धरली. वायंगणकरांनी छत्री उघडली आणि पुन्हा मिटली.

"कोण रवलां काय रे?"

पूल झाल्यापासून गावाने ही हाक ऐकली नव्हती. गल्लीत कुणीतरी धावलं, मग आणखी कुणीतरी. एक बाई ओले हात पदराला पुसत आली आणि पायरीवर बसली. पपांनी सगळीकडे एकदा पाहिलं, वल्हं टेकलं आणि रेटलं.

इनास वाजवत राहिला. त्याने डोळे मिटले होते, त्यामुळे किती वेळ गेला ते त्याला सांगता आलं नसतं. कानात एकच आवाज होता, पाणी फळीला घासून मागे जाण्याचा, आणि तो सुरांच्या आत होता की बाहेर, हे त्याने शोधलं नाही. मग कशाला तरी हलकेच टेकल्यासारखं झालं. त्याने हात थांबवला.

सगळे पलतडच्या धक्क्यावर होते. खुर्च्या आंबेखोललाच राहिल्या होत्या, कारण खुर्च्या म्हणजे सामान आणि ही तर प्रवाशांची होती. जानकीबाई खाली वाकून पायाकडे बघत म्हणाल्या, "माझी चप्पल भिजली," आणि भावाच्या घराकडे चालू लागल्या. बाकीची माणसंही आपापल्या कामाला पांगली. बऱ्याच दिवसांची कामं तुंबली होती.

"पास," वायंगणकर म्हणाले. त्यांनी खाडीपलीकडे फणसाखाली उभ्या असलेल्या आपल्या जीपकडे पाहिलं. "बस कुठून मिळेल?"

इनासने वडाखालचा थांबा दाखवला. वायंगणकरांनी पपांना नमस्कार केला आणि छत्री टेकत ते निघून गेले.

धक्क्यावर दोघेच उरले. इनासने मानेकडे पाहिलं. ओल एका पडद्याने खाली उतरली होती. सुकती लागली होती.

"आता परत कसां जावचां?" तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. इथे रेजिना नव्हती आणि कोंबडी तर नव्हतीच.

"भरती येय सर रवाचां," पपा म्हणाले.

ते धक्क्याच्या दगडावर बसले आणि वल्हं मांडीवर आडवं घेतलं. गिऱ्हाईकाची हाक येईपर्यंत ते पूर्वी तिथेच बसत. दगड त्यांच्यापुरता झिजलेला होता. त्यांनी थोडं सरकून जागा केली. इनास बसला.

पाणी एकेक पायरी सोडत होतं.

"रे इनास," पपा म्हणाले. "सुरवात खंयच्या फळयेपासून केलंस?"

"उजव्या आंगाच्या. डावी वाळयेन खाल्ली होती."

"तां माका म्हायत होतां."

"एकट्याक करवत धरूक जमा नाय, पपा. दोन फळयो वाकड्यो गेल्यो."

पपांनी वल्ह्यावरून हात फिरवला. "इचारलं असतंस," ते म्हणाले, "तर दुसऱ्या बाजून धरूक मी इलंय असतंय."

इनासने गिटार दोघांच्या मधून उचलून पलीकडे ठेवली. पपा आणखी काहीतरी विचारायला लागले, मग होडीच्या पहिल्या फेरीचं सांगायला लागले, मग आईचं. पुढची भरती यायला अजून खूप वेळ होता.